महिन्याचा पगार, वर्षाचा खर्च

जून उजाडला की पुणे-लोणावळा लोकलच्या कडेकडेनं वसलेल्या घरांत एकच घालमेल सुरू होते. घोरावाडी घ्या, अलीकडचं बेगडेवाडी घ्या, पलीकडचं तळेगाव घ्या. शाळेची फी, वह्या, गणवेश, दप्तर, मुलांचे रेनकोट, गळक्या पत्र्यावर टाकायचा प्लास्टिकचा कागद, सगळं पंधरा दिवसांत अंगावर येतं. मेपर्यंत ओढाताण न होता चाललेलं घर जूनमध्ये अडखळतं. मग कुणाकडून तरी हातउसने घेतले जातात, नाहीतर मंगळसूत्राची वाटी गहाण पडते. घरात उगाच वादावादी होते: कोण जास्त उधळतं, भाजीला इतके कशाला लागतात, मोबाइलचं रिचार्ज कुणाचं महाग.

माझं म्हणणं असं की, ही वादावादी चुकीच्या जागी चालते. अशा बहुतेक घरांत उधळपट्टी नसतेच. पगार महिन्याचा येतो म्हणून आपण अंदाजपत्रकही महिन्याचं मांडतो, आणि खर्च मात्र वर्षाच्या चालीनं येत राहतो. घर तिथे फसतं.

कुटुंबांचा खर्च मोजण्याचं काम ज्यांचं आहे, त्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे लोक घरोघरी जाऊन खर्चाची पाहणी करतात, तेव्हा सगळ्या खर्चाबद्दल एकाच मुदतीचा प्रश्न विचारत नाहीत. भाजी, फळं, अंडी, तेल यांसाठी ‘गेल्या सात दिवसांत किती?’ असं विचारतात. धान्य, डाळी, भाडं, विजेचं बिल यांसाठी गेल्या तीस दिवसांचं विचारतात. आणि कपडे, चपला, शिक्षण, भांडीकुंडी, दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च यांसाठी गेल्या तीनशे पासष्ट दिवसांचा आकडा घेतात. कारण उघड आहे. मागच्या महिन्यात गणवेश घेतला नाही म्हणून त्या घराचा गणवेशावरचा खर्च शून्य ठरत नाही, आणि मागच्या वर्षी किती कोथिंबीर आणली हे कुणालाच आठवत नाही. घरातल्या वहीतही हीच तीन मापं वापरावीत. भाजीपाला आठवड्यानं, किराणा महिन्यानं आणि बाकीचं वर्षानं.

वर्षानं मोजण्याची ही रीत आपल्या परिसराला नवीन नाही. लोकलनं कासारवाडीला उतरलं की जवळच पिंपळे सौदागर आहे. आज तिथे उंच इमारती आहेत. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ते पवनेकाठचं शेतीवर जगणारं खेडं होतं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावाची घर-घर पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपानं छापली. जमीन किती, पीक किती, बाहेरची मजुरी किती, व्याज किती, खायला-ल्यायला किती लागतं, असा प्रत्येक घराचा वर्षाचा ताळा त्यांनी मांडला. १०३ कुटुंबांपैकी फक्त ८ कुटुंबं आपल्या जमिनीवर नीट जगत होती. आणखी २८ कुटुंबांचं शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड मिळाली म्हणून भागत होतं. उरलेली ६७ कुटुंबं दोन्ही धरूनही तुटीत होती. शेतकऱ्याचं उत्पन्न सुगीला येतं, त्यामुळे मान यांना हिशेब वर्षाचाच करावा लागला. पण त्यातून जे दिसलं ते महिन्याच्या हिशेबात कधीच दिसलं नसतं. एखाद्या महिन्यात घरात धान्य आहे, चूल पेटते आहे, म्हणून ते घर तरलं असं म्हणता येत नाही.

आता घोरावाडीतल्या एका घराचं पान मांडून पाहू. घर कल्पनेतलं आहे आणि आकडे मी धरलेले आहेत. आपापले आकडे घालून प्रत्येकानं तपासावेत. नवरा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर आहे, हातात साडेअठरा हजार येतात. बायको शिवणकाम करते, सरासरी साडेपाच हजार सुटतात. दोन मुलं शाळेत. एकूण चोवीस हजार.

महिन्याचा खर्च असा. घरभाडं पाच हजार. वीज सातशे, गॅस नऊशे, दोन मोबाइलचं रिचार्ज सहाशे. लोकलचा पास आणि दुचाकीचं पेट्रोल मिळून अठराशे, कारण रात्रपाळीला लोकल सोयीची पडत नाही आणि सकाळची चुकली की दुसरी लवकर मिळत नाही. रोज लिटरभर दूध, त्याचे अठराशे. किराणा पाच हजार, भाजी-अंडी-मासळी दोन हजार. औषधपाणी आणि हातखर्च बाराशे. बेरीज एकोणीस हजार.

म्हणजे महिन्याला पाच हजार उरले. कागदावर घर सुखी दिसतं. पाच हजार उरतात असं दिसलं की माणूस त्या पैशावर पुढची योजना करतो: मोठा फ्रिज, नवा फोन, हप्त्यावर काहीतरी.

आता त्याच वहीत दुसरं पान उघडायचं आणि त्यावर बारा महिने लिहायचे. डिसेंबरात वर्षाचा तांदूळ, पावणेसात हजार. मार्च-एप्रिलमध्ये मिरची, हळद, धणे, मसाला कांडून आणणं, पापड-कुरडयांचं सामान, चार हजार. एप्रिलमध्ये गहू, सव्वापाच हजार. चैत्रात गावची यात्रा आणि वैशाखात लग्नांचे आहेर, दोन्ही मिळून नऊ हजार. जूनमध्ये शाळा, चौदा हजार. पावसाळ्यात दुचाकीचा विमा, टायर, दुरुस्ती, पाच हजार. गणपती ते दिवाळी तेरा हजार. बेरीज करा. सत्तावन्न हजार.

महिन्याला पाच हजार याप्रमाणे वर्षाला उरले होते साठ हजार. त्यातून सत्तावन्न गेले. वर्षाअखेर हातात राहिले तीन हजार, म्हणजे महिन्याला अडीचशे. पाच हजार शिल्लक टाकणारं घर आणि अडीचशे शिल्लक टाकणारं घर यांत केवढा फरक आहे! आणि घर तेच आहे. पहिलं पान पाहून घेतलेला प्रत्येक निर्णय दुसऱ्या पानावर जाऊन आपटतो.

या घराचं जेवणखाण किती टक्के झालं, तेही पाहू. वर्षाचा सगळा खर्च दोन लाख पंच्याऐंशी हजार. त्यात किराणा, भाजी, दूध, धान्य, मसाला मिळून एक लाख एकवीस हजार सहाशे. म्हणजे सुमारे ४३ टक्के. २०२३-२४ च्या देशव्यापी पाहणीत हाच वाटा खेड्यांत सुमारे ४७ आणि शहरांत सुमारे ४० टक्के निघाला होता. घोरावाडी धड खेडं नाही, धड शहर नाही, तसाच तिथल्या ताटाचा हिशेबही मध्ये बसतो. उत्पन्न वाढतं तसा अन्नावरचा वाटा घटत जातो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन सांख्यिकीतज्ज्ञानं १८५७ साली दाखवून दिलं होतं आणि ते आजही खरं ठरतं. म्हणूनच हल्ली सगळीकडे सांगितलं जाणारं ५०-३०-२० चं सूत्र अशा घरांनी डोक्यात घेऊ नये. निम्मं गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला, ही वाटणी एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या कन्येनं २००५ च्या पुस्तकातून अमेरिकी कुटुंबांपुढे ठेवली. ज्या घरात नुसतं खाणंच चाळिशी ओलांडतं, तिथे भाडं आणि शाळा धरून गरजा पन्नासात बसणार कशा? सूत्रात बसत नाही म्हणून आपलंच चुकतंय असं वाटून लोक वहीच मिटवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वर्षाचं पान लिहायचं तर मावळाचं वर्ष कसं चालतं ते ठाऊक हवं. इथला मोठा ठेवा म्हणजे इंद्रायणी तांदूळ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हे वाण तयार झालं. जूनमध्ये रोपं टाकायची, जुलैत लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी आणि गिरणीवर भरडणं. नवा तांदूळ बाजारात उतरतो त्या दिवसांत थेट शेतकऱ्याकडून पोतं घेतलं की दर बरा पडतो आणि माल डोळ्यांसमोरचा असतो. तेच दर महिन्याला दुकानातून पाच-पाच किलो आणलं तर प्रत्येक वेळी पिशवीचे, वाहतुकीचे आणि दुकानदाराच्या कमाईचे पैसे आपण भरतो. वर्षाचं धान्य एकदम भरण्याची आपल्या आयाआज्यांची रीत हिशेबाला पक्की होती. पण तिला दोन अटी आहेत. पहिली, हातात एकरकमी पैसे हवेत. दुसरी, साठवण नीट हवी. गहू कडक उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाच्या पाल्यासह भरायचा. तांदूळ ओल लागणार नाही असा, जमिनीपासून उंचावर ठेवायचा. मावळातला पाऊस धो-धो असतो, भिंतींना ओल येते. दीड क्विंटल गव्हाला सोंडे लागले तर वाचवलेले सगळे पैसे गेले. खोलीत जागाच नसेल तर सहा महिन्यांचं भरावं. हट्टानं वर्षाचं भरू नये.

वर्षाच्या चालीनं जगण्याची आणखी एक पद्धत मावळच्या माणसांना जवळची आहे. मुंबईचे डबेवाले बहुतांश आपल्याच भागातले: मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरचे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये ही सेवा सुरू केली. त्यांच्यात दिवाळीला गिऱ्हाइकाकडून एका महिन्याची जादा रक्कम घेण्याचा प्रघात आहे, आणि एप्रिलमध्ये गावच्या यात्रांसाठी मुंबईतलं काम काही दिवस बंद ठेवून ते गावी येतात. यात्रा हा त्यांच्या वर्षातला ठरलेला खर्च आहे, अचानक आलेला नाही. आपणही तो तसाच लिहावा. लोकांना वाटतं, अंदाजपत्रक करायचं म्हणजे यात्रा, आहेर, सण यांवर काट मारायची. मला ते पटत नाही. ज्या गावात आपली माणसं आहेत, तिथल्या लग्नात आपण रिकाम्या हातानं जात नाही. तो खर्च होणारच. पण तो लिहिलेला नसला की कर्जातून होतो.

आणि कर्जाचं गणित निर्दय आहे. वरच्या घरानं जूनमधले चौदा हजार शेकडा तीन दरानं घेतले असं समजा. ऐकायला तीन टक्के फार वाटत नाहीत. पण हे तीन दरमहाचे आहेत, म्हणजे वर्षाला छत्तीस. महिन्याला चारशे वीस, वर्षाला पाच हजार चाळीस रुपये नुसतं व्याज. घराची वर्षाची खरी शिल्लक होती तीन हजार. ती गेलीच, शिवाय दोन हजार चाळीस रुपये अंगावर आले, आणि मुद्दल जसंच्या तसं. पुढच्या जूनला नवं कर्ज. अशी घरं वर्षानुवर्षं फेडत राहतात.

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयानं मुंबईतल्या गिरणी आणि इतर कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. शंभरातल्या सुमारे ४७ कुटुंबांवर कर्ज होतं, आणि सर्रास व्याज होतं रुपयाला महिन्याला एक आणा. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के आणि वर्षाला पंच्याहत्तर. घाटावरून गिरणीत गेलेल्या आपल्या किती पणजोबांनी असं व्याज भरलं असेल! आज आणा गेला, पण दर महिन्यानं बोलायची सवय राहिली. सावकार असो की क्रेडिट कार्ड, महिन्याचा दर ऐकला की त्याला बारानं गुणावं. हप्त्यावरच्या वस्तूंत आणखी एक मेख असते. बारा हजारांची वस्तू, व्याज बारा टक्के, हप्ते बारा, असं सांगून महिन्याला अकराशे वीस घेतले जातात. आपण दर महिन्याला मुद्दलही फेडत असतो, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण बारा हजारांवर धरलेलं असतं. त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो.

तर उपाय असा. सत्तावन्न हजाराला बारानं भागायचं. चार हजार सातशे पन्नास. पगार झाला त्याच दिवशी एवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची, ज्या खात्याला मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय जोडलेली नाही. रोजच्या खात्यातच ठेवली तर ती खर्चायला उपलब्ध दिसते आणि खर्च होते. खातं बँकेचं किंवा पोस्टाचं साधं बचत खातं पुरे. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, म्हणून ती या कामाला नको. ती लांबच्या बचतीला चांगली. बँकेत बारा महिन्यांची आवर्ती ठेव मिळते, पण वर्षाच्या मध्ये पैसे लागणार असल्यानं तीही जपून वापरावी.

सुरुवात कधी करावी? जानेवारी किंवा एप्रिल लोकांना सुचतो. मावळच्या घरानं दिवाळीनंतरचा महिना धरावा असं मला वाटतं. वरच्याच आकड्यांवर पाहा. नोव्हेंबर ते जून आठ वेळा पैसे टाकले तर अडतीस हजार होतात. तोवर तांदूळ, मसाला, गहू, यात्रा-आहेर आणि शाळा मिळून खर्च होतो एकोणचाळीस हजार. हजारभरच कमी पडतात, आणि तेवढे दिवाळीच्या बोनसमधून आधीच बाजूला टाकता येतात. हेच एप्रिलपासून सुरू केलं तर जूनपर्यंत सव्वाचौदा हजार जमतात, आणि तेवढ्यात गहू, यात्रा, शाळा सगळं भागवायचं असतं. पहिल्याच जूनला खातं कोरडं पडतं आणि माणूस म्हणतो, हे आपल्याला जमणारं नाही. पुढे जुलै ते ऑक्टोबरच्या चार भरण्यांचे एकोणीस हजार होतात. गाडी आणि सण मिळून अठरा हजार लागतात. वर्ष पुरं होतं.

बायकांच्या भिशीकडेही या नजरेनं पाहता येतं. बारा जणी, दरमहा हजार, दर महिन्याला एकीला बारा हजार. नंबर आधी ठरवून घेता येत असेल तर जूनचा मागावा. मात्र भिशी ओळखीतल्या, रोज तोंड दिसणाऱ्या बायकांचीच असावी, कारण तिला कागदोपत्री आधार नसतो. बचत गटाचं तसं नाही. तिथे ठरावाची वही असते, बँकेत गटाचं खातं असतं. १९९२ पासून नाबार्डनं गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून गटाला बँकेकडून कर्जही मिळतं. गटातून घेतलेल्या कर्जाचं व्याज गटातच राहतं. थेंबाथेंबानं जमवण्याचा एक मोठा दाखला तर घोरावाडीच्या पुढच्याच स्टेशनवर आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. तो पैसाही वर्षाच्याच हिशेबानं मागितला जायचा.

वर्षाच्या पानावर आणखी दोन बारीक ओळी हव्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला वीस रुपये आणि जीवन ज्योती विमा योजनेचे चारशे छत्तीस. पहिल्यात अपघाती मृत्यूला आणि दुसऱ्यात कोणत्याही कारणानं झालेल्या मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे. पैसे बँक खात्यातून मेअखेरीस कापले जातात. त्या वेळी खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो, आणि घरच्यांना ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कमावत्या दोघांच्याही नावानं हा विमा हवा. बाई घरी शिवण शिवते म्हणून तिची कमाई कमाई नाही, असं समजू नये.

वही कुणी लिहायची? दोघांनी. ‘अहो, पेट्रोलचे किती झाले या आठवड्यात?’ एवढा प्रश्न रविवारी चहाच्या वेळी विचारला, आणि त्याला आरोप न समजता उत्तर मिळालं, की निम्मं काम झालं. जपानमध्ये मोतोको हानी या महिला पत्रकारानं १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही काढली आणि ती पिढ्यान् पिढ्या चालली. आपल्याकडे शंभर पानी साधी वही आणि पेन पुरतं. हल्ली निम्मा खर्च मोबाइलवरूनच होतो, त्यामुळे त्याची नोंद आपोआप राहते. आठवड्यातून एकदा ती पाहून वहीत उतरवावी. रोख दिलेलं मात्र त्याच दिवशी लिहावं. दहा-वीस रुपयांचा ताळा लागला नाही तर डोकं शिणवू नये, ‘किरकोळ’ म्हणून टाकावं. किरकोळ महिन्याला पाचशेच्या वर जायला लागलं तर मात्र थांबून पाहावं.

राहता राहिली अडीअडचण. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये गाड्यांचं उत्पादन थांबलं. एवढा मोठा कारखाना बंद पडला की त्याच्यावर अवलंबून असलेले सुटे भाग बनवणारे, गाडीवाले, डबे पुरवणाऱ्या बायका, भाड्यानं खोल्या देणारे, सगळ्यांच्या पानावरचे आकडे बदलतात. कंत्राटी कामावर असलेल्यानं किमान तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम वेगळी ठेवावी असं सगळे सांगतात. आपल्या घराला ती महिन्याच्या एकोणीस हजारांच्या तिप्पट, म्हणजे सत्तावन्न हजार पडते. वर्षाची शिल्लक तीन हजार आणि दिवाळीचा बोनस दहा हजार मिळाला असं धरलं, आणि त्यातले जूनच्या तुटीचे हजार वळते केले तरी ते वर्षाअखेर खात्यात परत येतात, म्हणजे वर्षाला तेरा हजार. ती रक्कम जमायला चार वर्षांहून जास्त लागतील. ऐकून धीर खचतो, म्हणून आधी एकाच महिन्याचं लक्ष्य धरावं: एकोणीस हजार. ते दीड वर्षात होतं. आणि पुढच्या दिवाळीनंतर नवं पान लिहायला बसाल तेव्हा जुनं शेजारी ठेवा. शाळेसमोर चौदा लिहिले होते आणि सोळा लागले असतील, तर पुढच्या वर्षी सोळाच लिहा, आणि ते दोन हजार कुठल्या ओळीतून काढायचे ते दोघांनी त्याच बैठकीत ठरवून टाका.